हात हलला की साखर

माझी माय चौथीपर्यंत शिकलेली, पण डॉक्टरनं सांगितलेली गोष्ट म्हणजे तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. आम्ही शिकलेली पोरं ताप उतरला की उरलेल्या गोळ्या खिडकीत ठेवून देणार. ती मात्र शेवटची गोळी पोटात जाईपर्यंत पाठ सोडणार नाही. म्हणूनच त्या उन्हाळ्यात जे झालं त्याचा मला अजून राग येतो. तो काढावा कोणावर, हे मात्र कळत नाही, कारण चुकली ती सांगितलेलं ऐकणारी बाई.

आमचं घर कामठ्याला, शेती धानाची. मी लग्न होऊन कुडव्याला आले, स्कुटीवर गोंदियाला नोकरीला जाते. भाऊ छत्तीसगडात कारखान्यात. त्यामुळे कामठ्याच्या घरात माय आणि बाबूजी दोघंच. घरी आम्ही पोवारी बोलतो, पण ती जशीच्या तशी लिहिली तर वाचणाऱ्याच्या पदरात फारसं काही पडायचं नाही, म्हणून बोलणं गावच्या झाडीबोलीत लिहिते आहे.

बाबूजींना साखरेचा आजार होता. त्यांना त्याचं फार काही वाटत नसे, कारण गोड त्यांना मुळातच आवडत नव्हतं. लग्नाच्या पंगतीत वाढपी बुंदी घेऊन आला की ते पानावर हात आडवा धरायचे. फार आग्रह झाला तर म्हणायचे, "द्याचं असन तं मिरची दे गा." लोकांना तो संयम वाटायचा. "पहा, शुगर निंघाली तं कसा सांभारून राह्यते मानूस," असं दुसऱ्या आजाऱ्यांना त्यांचं उदाहरण दिलं जाई, आणि बाबूजी ते कौतुक बिनदिक्कत खिशात घालत. मी एकदा चारचौघांत म्हटलं की संयम कसला, यांना आवडच नाही, तर माझ्याकडे असे डोळे वटारून पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आजार निघाल्यावर एक-दोन वर्षांनी, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, ते सकाळची गोळी घेऊन बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात गेले आणि न्याहारी करायची विसरले. दुपारी माय शिदोरी घेऊन पोचली तेव्हा ते कडेच्या धुऱ्यावर बसलेले होते. अंग घामानं निथळत होतं, दोन्ही हात थरथर कापत होते आणि ते तिला ओळखत नव्हते. रोवणाऱ्या बायांनी चहासाठी आणलेली साखर त्यांच्या तोंडात कोंबली म्हणून निभावलं. नंतर गोंदियाच्या डॉक्टरनं मायला समोर बसवून सांगितलं, "बाई, याद रखना. गोळीनं साखर कमी झाली की हात कापतात. हात कापले की पहले शक्कर. फोन बाद में, गाडी बाद में, मेरे पास आना बाद में. पहले शक्कर."

मायनं ते मनावर घेतलं. बाबूजींच्या उशाशी साखरेचा डबा आला. शेतात न्यायच्या थैलीत एक पुडी, तिच्या स्वतःच्या कमरेला खोचलेल्या बटव्यात दुसरी. पुढे एकदा-दोनदा तसेच हात कापले, तिनं साखर दिली आणि घटकाभरात सगळं ठीक झालं. गल्लीतल्या बाया तिच्याकडे सल्ल्याला यायला लागल्या. "मरनाच्या दारातून मांघं आनली मीनं मानसाले," असं ती त्यांना सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मग तो मे महिना आला. दोन हजार सालानंतरची आठ-नऊ वर्षं उलटली असतील. आमच्याकडचा मे म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. बाबूजी तांब्यामागून तांबे पाणी पीत होते, पण त्या उन्हात सगळेच पीत होते. सारखे लघवीला उठत होते, पण एवढं पाणी प्यायल्यावर माणूस उठणारच. महिन्याला होणारी रक्ताची तपासणी लग्नसराईच्या धावपळीत राहून गेली होती. गोळ्या वेळेवर चालू होत्या, म्हणून कोणाला काळजी वाटली नाही.

भाऊबंदकीतल्या एका लग्नात वडीलधारे म्हणून बाबूजी नवरदेवाकडच्या सोयऱ्यांना टिका लावायला उभे राहिले. मी तिथेच होते. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं, समोरच्या म्हाताऱ्या सोयऱ्याच्या कपाळापर्यंत नेलं आणि त्यांचा उजवा हात एकदम बाजूला उडाला. कुंकू कपाळापासून कानापर्यंत ओढलं गेलं. लोक हसले. बाबूजीही कसेबसे हसले आणि त्यांनी पुन्हा बोट लावलं. या वेळी हात वरच्या वर फेकला गेला, ताटाला लागला आणि कुंकू, अक्षता, सुपारी सगळं सोयऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर सांडलं. आता कोणी हसलं नाही. मागून हळूच आवाज आला, "पेऊन आला का गा बुढा?" आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस. मी त्या आवाजाच्या रोखानं निघालेच होते, पण काकीनं माझा दंड घट्ट धरला.

मायनं कोणाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बायांमधून वाट काढत आली, बाबूजींना खुर्चीवर बसवलं, बटव्यातली पुडी सोडली आणि साखर त्यांच्या तोंडात टाकली. हात हलला होता ना, मग साखर.

थरथर वेगळी आणि हे वेगळं, हे आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं. थरथरीत हात जागच्या जागी कापतो, घाम सुटतो, जीव घाबरा होतो. इथे घाम नव्हता. उजवा हात आपल्याच मनानं मनगटातून पिरगळायचा, बोटं उघडायची-मिटायची, आणि मधूनच अख्खा हात खांद्यापासून भिरकावला जायचा. डावा हात मात्र अगदी शांत मांडीवर पडलेला. माय फोनवर सांगायची, "हात हालून राहिला, साकर देऊन राहिली." मला वाटायचं, तेच नेहमीचं असेल.

घरात मात्र दिवसागणिक वाढत होतं. कपबशी फुटली. जेवताना घास तोंडाऐवजी डोळ्याकडे जायला लागला, तेव्हा माय भरवायला लागली. बाबूजी दिवसभर उजवा हात मांडीखाली दाबून बसत, आणि मांडीखालीही तो हलत राही. कोणी म्हणालं लकव्याची सुरुवात आहे, कोणी म्हणालं बाहेरचं काही लागलं, अमक्या गावी नेऊन आणा. देवाधर्माच्या गोष्टी करणाऱ्यांना मायनं ओसरीवरूनच वाटेला लावलं. "काही लागलं-बिगलं नाही, साकर कमी झाली," ती म्हणायची, आणि आत जाऊन पेलाभर साखरपाणी ढवळायची. ते प्यायल्यावर बाबूजींना ग्लानी यायची. झोप लागली की हात थांबायचा. मग ती त्यांच्याजवळ बसून त्या थांबलेल्या हाताकडे समाधानानं पाहायची. आपलं औषध लागू पडलं असं तिला वाटायचं. झोपेत हा हात असाही थांबतोच, आणि ती ग्लानी वाढलेल्या साखरेची होती, हे तिला कोण सांगणार होतं?

आठ-दहा दिवस असे गेल्यावर एका सकाळी तिचा फोन आला, "आता पायपन उडून राहिला." तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. मी ऑफिसला न जाता स्कुटी कामठ्याकडे वळवली.

बाबूजी खाटेवर होते. उजवा हात पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखा उसळत होता. कोपर खाटेच्या माच्यावर आपटून आपटून सोललं होतं आणि मायनं तिथे जुन्या लुगड्याची पट्टी बांधली होती. मला पाहून ते ओशाळले. माझे बाबूजी कोणापुढे ओशाळलेले मी कधी पाहिले नव्हते. जडावलेल्या जिभेनं म्हणाले, "हात मायाच होय बाई, पन मायं आइकत नाही."

मी मायवर ओरडले. "दवाखान्यात काऊन नाही नेलं वो आतावरी?"

"डाक्टरच तं सांगतला, पहले साकर," ती म्हणाली. "देऊन राहिली ना मी. दिवसातून किती खेपा देऊन राहिली."

मी गावातली जीप बोलावली. निघताना माय पुन्हा घरात गेली आणि ग्लुकोजच्या भुकटीचा डबा आणि पाण्याची बाटली थैलीत टाकून आली. मागच्या सीटवर बाबूजी मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. गाडीत त्यांचा हात काचेवर, छताला, एकदा माझ्या कानशिलावर लागला. मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवायला गेले, तर सत्तरीकडे झुकलेल्या त्या हातात इतकं बळ होतं की मलाच धाप लागली. वाळलेल्या माणसात एवढी ताकद कुठून येते याचीच मला भीती वाटायला लागली.

गोंदियात शिरायच्या आधी रेल्वेचं फाटक बंद झालं. मालगाडी आली आणि निम्मी गेल्यावर उभी राहिली. जीपचं पत्र्याचं छत तापलेलं, मागेपुढे ट्रक, वळायला जागा नाही. बाबूजींची मान माझ्या खांद्यावर कलली. मी हाक मारली तर फक्त "हं" म्हणाले. दुसऱ्या हाकेला तेही नाही. पण हात चालूच होता. मायनं थैली उघडली. भुकटी पाण्यात ढवळली, त्यांचा उजवा हात आपल्या गुडघ्याखाली दाबला आणि पेला ओठाला लावला. निम्मं तिच्या पदरावर सांडलं. "प्या," ती म्हणत होती, "घोटभर प्या. आता होते बरं." ते अर्धवट शुद्धीतही तिचं ऐकून घोट घोट पीत होते. ड्रायव्हर खाली उतरून गाडीच्या डब्यांकडे पाहत शिव्या देत होता. मला वाटलं, हे फाटक उघडायच्या आधी माझा बाप जातो. मी मनातल्या मनात त्या मालगाडीच्या इंजिनाच्या पाया पडले.

दवाखान्यात नर्सनं बोट टोचून रक्ताचा थेंब मशीनला लावला. मशीननं आकडाच दाखवला नाही. तिनं दुसरी पट्टी लावली. पुन्हा तेच. "मशीन खराब है क्या?" मी विचारलं. ती म्हणाली, "मशीनच्या वर गेली शुगर, मॅडम," आणि पळत आत गेली.

मला ते ऐकू आलं, पण त्याचा अर्थ लागायला वेळ मिळाला नाही, कारण लगेच डोक्याचा फोटो काढायला नेलं. हात स्थिर राहीना म्हणून आधी झोपेचं इंजेक्शन द्यावं लागलं. फिल्म आली. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरनं ती उजेडात धरली, डाव्या बाजूच्या एका पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "यहाँ ब्लीडिंग लग रहा है. नागपूर ले जाना पडेगा. रास्ते का भरोसा नहीं दे सकते."

माय बाकावर बसून माझ्याकडे पाहत होती. "काय म्हणला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "मोठे डाक्टर येऊन राहिले, ते सांगतील." नागपूरच्या रस्त्यावर काही झालं तर तिला काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते.

मोठे डॉक्टर आले, तेच, ज्यांनी पूर्वी मायला समोर बसवून समजावलं होतं. त्यांनी फिल्म पाहिली, मग रक्ताचा कागद पाहिला, मग पुन्हा फिल्म. उठून खाटेजवळ गेले आणि बाबूजींचा हात कोपरापासून बोटांपर्यंत चाचपला. "ये खून नहीं है," ते म्हणाले. "साखर फार वाढली आणि बरेच दिवस वाढलेली राहिली, तर मेंदूतला हालचाल आवरणारा एवढासा भाग बिघडतो. डावीकडचा बिघडला की उजवा हात-पाय उधळतो. फिल्मवर असंच पांढरं दिसतं. थोडा उशीर झाला असता तर हे बेशुद्धीतून उठले नसते. अब इन्सुलिन देंगे. साखर उतरेल तसा हातही शांत होईल. वेळ लागेल, पण होईल."

मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि रडले. मायनं फक्त "होईल" एवढंच ऐकलं आणि हात जोडले. मला मात्र त्याच क्षणी सगळं उलगडलं. हात हलत होता तो साखर कमी झाल्यानं नव्हे, वाढल्यानं. आणि हात हलला की ती आणखी साखर घालत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूजी शुद्धीवर आले. एका हाताला सलाईन, तो हात नर्सनं फळीला बांधलेला. उजवा हात अजून गादीवर धपधप आपटत होता, पण आदल्या दिवसाचा जोर नव्हता. मोठे डॉक्टर फेरीवर आले. कागद चाळत त्यांनी विचारलं, "गोळ्या चालू, खाणं सांभाळून, मग साखर एवढी चढली कशी? घर में मीठा क्या चल रहा था?"

माय खाटेच्या पायथ्याशी उभी होती. काखेत तीच थैली, थैलीत ग्लुकोजचा डबा. तिला कळायला लागलं होतं. तिचा चेहरा उतरत जाताना मी पाहत होते आणि मला काही करता येत नव्हतं. पुढे होऊन बोलावं तर काय बोलू? तिनं थैली छातीशी धरली आणि म्हणाली, "साहेब, हात हालला का मीनं..."

"मीच खाल्लो," बाबूजी म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. जीभ अजून जड होती, पण शब्द स्पष्ट होते. "चोरून खाल्लो, साहेब. लग्नाचे पेढे होते घरी, बुंदीचे लाडू होते. कोठीत जाऊन खाल्लो. रोज खाल्लो."

"तुमी?" मायचा विश्वास बसेना. "तुमी गोड खाल्ले?"

"मानसाचं मन होय. इतले साल आवरलो. यंदा नाही आवरलं."

"अना मी जे साकरपानी..."

"तुया पेलाभर पान्यानं काय होते वो? मी तं डब्बेच्या डब्बे साफ केलो."

हे बोलत असताना त्यांचा उजवा हात त्यांच्याच छातीवर, उशीवर, लोखंडी कठड्यावर आपटत होता. आठ-दहा दिवस या हाताला भाताचा घास तोंडापर्यंत नेता आला नव्हता. डब्याचं झाकण उघडणं तर दूरच. डॉक्टरांनी एकदा त्या हाताकडे पाहिलं, एकदा मायच्या थैलीकडे. मग बाबूजींना त्यांनी असं झापलं की शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली. या वयात लाज वाटत नाही का, बायको एवढं करते आणि तुम्ही कोठीत लपून पेढे खाता, असं बरंच काही. बाबूजी खाली मान घालून ऐकत होते. मग डॉक्टर मायकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, मशीन घेऊन जा. आजपासून हात हलला तर आधी मशीन, मग साखर. मशीन सांगेल तेच."

मायच्या चेहऱ्यावरची ती पडझड थांबली होती आणि तिथे राग चढत होता. डॉक्टर गेल्यावर ती खाटेजवळ आली. "चोर कुठले," ती म्हणाली. एवढा संताप मी तिच्या आवाजात कधी ऐकला नव्हता, आणि तो ऐकून मला हायसं वाटलं.

इन्सुलिन घेऊन आम्ही कामठ्याला परतलो. दोन्ही वेळ सुई द्यायची होती. बाबूजींचा हात पूर्ण शांत व्हायला पावसाळा अर्धा सरला, तोवर त्यांना स्वतःला टोचता येण्याचा प्रश्न नव्हता. भाऊ लांब, मी कुडव्याला. राहिली माय. दवाखान्यात नर्सनं तिला शिकवलं, घरी आल्यावर तिनं वांग्यावर टोचून टोचून सराव केला. औषधाची बाटली ओल्या रेतीतल्या मडक्यात ठेवायची, सुईत हवा राहू द्यायची नाही, जागा बदलत राहायचं, आधी मशीनवर आकडा पाहायचा. पुन्हा काळ्या दगडावरची रेघ.

एका रविवारी मी गेले होते. माय गोठ्याकडे होती. मला राहवलं नाही. "बाबूजी, तुमी खोटं काऊन बोलले?"

"कोनतं?"

"गोड खाल्लो म्हणून."

त्यांचा हात मांडीवर होता, बोटं अधूनमधून चाळवत होती. "तुयी माय मले सुई टोचते, पाह्यली का तू?" ते म्हणाले. "तिचा हात कापत नाही. नर्सचा कापते, तुया तं सुई पाहूनच कापते. तिचा नाही. तिले जर समजलं असतं का तिच्याच हातानं मी मरत होतो, तं तिनं थे सुई हातात धरली असती का कवा? अना मंग मले कोन टोचनार होता? तू येनार होती कुडव्याहून, दोन टाइम?"

हिशेब शेतकऱ्याचा होता, रोखठोक. पण पुढे ते म्हणाले, "तिनं मले वाचवासाठीच देली ना वो," आणि तोंड फिरवलं.

"अन् लोक हासतात तुमाले, त्याचं काय?"

"हासू दे. हासल्यानं शुगर वाढत नाही."

लोक खरंच हसत. मायनं साखरेच्या आणि गुळाच्या डब्यांना पेटीत घालून कुलूप लावलं, किल्ली गळ्यात. आल्यागेल्याला ती सांगे, "घरातच चोर होय, कोनावर भरोसा ठेवू?" ज्या माणसाचं उदाहरण गावात दिलं जाई, त्याला पंगतीत पाहून वाढपी बुंदीची बादली दुसऱ्या हातात घेत आणि डोळे मिचकावत. पोरंसोरं "आजोबा, पेढा?" म्हणून पळत. एकदा माझ्या सासरची माणसं आलेली असताना मायनं पाहुण्यांसमोरचं मिठाईचं ताट बाबूजींच्या पुढून उचलून दूर ठेवलं आणि म्हणाली, "याहिच्या हाताले सवय हाय." माझं रक्त उसळलं. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. बाबूजींनी माझ्याकडे फक्त पाहिलं, पूर्वी डोळे वटारायचे तसंच, आणि मी ते शब्द चहाबरोबर गिळले. कौतुक बिनदिक्कत घेणारा माणूस बदनामीही तितक्याच बिनदिक्कत घेत होता.

हात पुन्हा तसा कधी उधळला नाही. मायनं त्यांना पाच-सहा वर्षं दोन्ही वेळ सुई दिली, एकही खेप न चुकवता, आणि तिचा हात एकदाही कापला नाही. मग एका थंडीत, सकाळचा चहा घेता घेता, बाबूजी हृदयविकारानं गेले.

त्यानंतरच्या पितृपक्षात त्यांच्या नावाचं पान वाढायचं होतं. मायनं मला आदल्या दिवशी फोन करून गोंदियातून पेढे आणायला सांगितलं, चांगल्या दुकानातले. मी पोचले तेव्हा तिनं अंघोळ करून स्वयंपाक आटोपला होता. पत्रावळीवर भात होता, वडे होते, खीर होती. तिनं घरी बुंदी पाडून तिचे लाडू वळले होते, ते ठेवले. मग माझ्याकडून पेढ्यांचा पुडा घेतला आणि एकेक पेढा पानावर मांडायला लागली. भाताला जागा उरेना, तेव्हा तिनं भात बाजूला सारला.

"माय, इतकं गोड?" मी म्हटलं.

ती थांबली. हातात पेढा तसाच. आणि ते गेल्यापासून जी बाई माझ्यासमोर कधी रडली नव्हती, ती खाली बसून रडायला लागली.

"मीनं लय अडवली वो त्याहिले," ती म्हणाली. "इतला जीव होता त्याहिचा गोडावर, का चोरून खाल्ले. अना मीनं कुलूप लावली. चार लोकाइत चोर म्हणली. मरेपर्यंत येक पेढा नाही देली मीनं त्याहिच्या हातावर. येकानं काय झालं असतं?"

मी तिच्याजवळ बसले. बाबूजींना गोड आवडत नव्हतं माय, त्यांनी एकही पेढा खाल्ला नव्हता, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं की तिचा पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग साखर चढली कशानं, आणि त्याचं उत्तर एकच होतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"अजून येक ठेव," मी म्हणाले.